सोळा थर मेण

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी उणे चौदा.

नवी वही सुरू केली. ही फक्त मेणाच्या नोंदींसाठी, असं बायकोला, गुनवोरला, सांगितलं. ती म्हणाली, एरवी तरी तू दुसरं काय लिहितोस.

डॉक्टरांचं पत्र आलं. तिच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन २२ एप्रिलला. त्यानंतर लांब पल्ल्याच्या स्की शर्यती बंद. म्हणजे १५ मार्चची स्कारवेली शर्यत ही तिची शेवटची. बेचाळीस किलोमीटर, मध्ये मोठा चढ. साठीपुढच्या बायकांनी तीन तास पन्नास मिनिटांच्या आत संपवली तर चांदीचा बिल्ला मिळतो. गुनवोर बावीस वेळा धावली आहे आणि बावीस वेळा बिल्ल्यावाचून परत आली आहे. एकदा तीन मिनिटांनी हुकला. पत्र वाचून तिने ते फ्रिजवर लावलं आणि म्हणाली, "यंदा मला तो बिल्ला हवाय, हालग्रिम." असं तिने याआधी कधी म्हटलं नव्हतं.

बावीस वर्षं तिच्या स्कीला मेण मीच लावतो. त्यामुळे स्कीच्या बाजूने काही कमी पडण्याचा प्रश्नच येत नाही. कमी पडतात ते पाय. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. फक्त दर ऑक्टोबरात व्यायामाचं वेळापत्रक करतो आणि तेही फ्रिजवर लावतो.

१२ जानेवारी, रविवार. उणे सहा, दुपारी उणे तीन.

मेण लावणं सोपं आहे असं म्हणणाऱ्याने ते कधी लावलेलं नसतं. पायाखाली येणारा स्कीचा हातभर पट्टा, तेवढ्यालाच हे मेण लागतं. पाय दाबला की त्याने बर्फ धरायचा, पाय उचलला की सोडायचा. थंडीला हिरवं, मग निळं, जांभळं, शून्याजवळ लाल. मऊ पडलं किंवा जास्त झालं तर खाली बर्फाचे गोळे धरतात, कमी पडलं तर माणूस चढावर मागे घसरतो. मी छत्तीस वर्षं डेअरीत चीजचं तापमान सांभाळलं. एका अंशाने काय होतं ते मला कुणी शिकवायला नको.

तळघरात माझ्याकडे त्रेचाळीस डब्या आहेत. आज जांभळ्याचे सोळा थर दिले. प्रत्येक थर बुचाच्या तुकड्याने घासायचा, स्की बाहेर नेऊन गार करायची, मग पुढचा. तीन तास लागले. स्की घेऊन वर आलो तेव्हा मला स्वतःलाच बरं वाटत होतं.

गुनवोर वीस किलोमीटर जाऊन आली. कशा होत्या स्की विचारलं तर म्हणाली, छान होत्या. मग एवढा वेळ का लागला? म्हणाली, मी जरा थांबत थांबत आले. स्की आत आणताना पाहिलं तर खाली पावाएवढे गोळे चिकटलेले. कुठेतरी ओल्यात उभी राहिली असणार. तिला जागेचं भान कमी आहे.

२८ जानेवारी, मंगळवार. उणे नऊ.

मंगळवारी संध्याकाळी चर्चमध्ये गुनवोरच्या गाण्याच्या मंडळाचा सराव असतो. आज ती जाताना स्की बरोबर घेऊन गेली. चर्च आमच्या फाटकापासून चारशे मीटरवर आहे, आणि तेही उतारावर. परतली ती गाल लाल करून. काय गायलात विचारलं तर म्हणाली, नेहमीचंच.

४ फेब्रुवारी, मंगळवार. उणे सात.

दोन गोष्टी. एक, गुनवोरच्या हातमोज्यावर निळं मेण आहे. माझ्या डब्यांतलं नाही. हे जुन्या पद्धतीचं, ढोबळ निळं. असलं मी बारा वर्षांपूर्वीच कचऱ्यात टाकलं. मोज्याला डांबराचा आणि मेंढ्यांचा वास येतोय.

दोन, दुकानात गाण्याच्या बाई भेटल्या. विचारत होत्या, गुनवोरची सर्दी अजून गेली नाही का, जानेवारीपासून ती आलीच नाही.

मी ब्राऊन चीज घ्यायला गेलो होतो, ते न घेताच घरी आलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

तापमान बघितलं नाही.

गुनवोर पोहायला गेली असताना मारितला फोन केला. आमची मुलगी, त्रोंढाइम शहरात असते, दातांची डॉक्टर आहे आणि बोलण्यात तशीच. म्हटलं, तुझ्या आईचं कुणाबरोबर तरी काहीतरी चालू आहे. मेंढ्या पाळणारा माणूस आहे. मारित इतकी हसली की तिचा पेशंट दचकला असावा. मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "बाबा, स्की कशा होत्या असं तू आईला विचारतोस, तेव्हा तिच्या तोंडाकडे कधी बघतोस का?"

मी म्हटलं, तोंडाकडे कशाला बघू, मी स्कीच्या तळाकडे बघतो. ती म्हणाली, तेच तर. याचा अर्थ मला लागला नाही. मुलं आईचीच बाजू घेतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार. उणे पाच, ताजा बर्फ दोन इंच.

ताजा बर्फ होता म्हणून माग काढणं सोपं गेलं. गुनवोरच्या स्कीची चाकोरी चर्चवरून सरळ पुढे गेली, पूल ओलांडून एंब्रिकच्या लाकडाच्या शेडपाशी थांबली.

एंब्रिक आमच्याच वयाचा, बायको जाऊन सहा वर्षं झाली. मेंढ्या आहेत, शेंदरी दाढी आहे. आयुष्यात एकदाही शर्यत धावलेला नाही. स्की घालतो ती कुंपण दुरुस्त करायला. मी वाटेत ठरवलं की ओरडायचं नाही. शांतपणे म्हणायचं, गुनवोर, तू सुखी असशील तर माझी आडकाठी नाही. दोनदा म्हणून पाहिलं, आवाज नीट आला.

खिडकीतून पाहिलं. गुनवोर हातात कॉफीचा पेला घेऊन खुर्चीत बसलेली, आणि एंब्रिक तिच्यासमोर गुडघ्यावर. ती हसत होती. मग एंब्रिक जरा बाजूला सरकला आणि दिसलं, त्याच्या मांडीवर तिची स्की होती. तो पट्टीने माझं मेण खरवडत होता.

"एवढं कोण लावतं गं," तो म्हणत होता. "यावर वीट ठेवली तर भिंत उभी राहील."

"हसू नकोस," गुनवोर म्हणाली. "तीन तास बसतो तो तळघरात."

मग त्याने पँटच्या खिशातून निळ्या मेणाची डबी काढली. झाकण नाही, वर लोकर चिकटलेली. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. बुचाने चार हात. झालं.

मी मनाची सगळी तयारी करून गेलो होतो, पण या गोष्टीची नव्हती. दुसरं काही असतं तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

गुनवोरला काहीच बोललो नाही. तिने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, आहे. तिने वॉफल केले, मी पाच खाल्ले, तिने घरी केलेला जॅम मात्र घेतला नाही. तिच्या लक्षात आलं की नाही कळलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. उणे चार.

जॅमशिवायचा बारावा दिवस.

गुनवोरने वीस किलोमीटर पंधरा मिनिटं लवकर संपवले. आजवर कधीच नाही. व्यायामाच्या वेळापत्रकाचा परिणाम आता दिसू लागला आहे. माझं आपलं पहिल्यासारखं चालूच आहे: मी सोमवारी सोळा थर देतो, मंगळवारी ते एंब्रिकच्या शेडमध्ये जमिनीवर पडतात. मी तिच्याकडे बघतो, ती माझ्याकडे, आणि दोघं हवामानावर बोलतो.

बाकी ते निळं मेण स्कीवर बोटाने तपासून पाहिलं. ओबडधोबड आहे. एका ठिकाणी लोकर आहे.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी उणे दोन, उद्या शून्य आणि ताजा बर्फ.

याहून वाईट हवा नाही. शून्य अंश आणि वरून ओला बर्फ पडत असला की भल्याभल्यांची मती गुंग होते. हल्लीची तरुण मंडळी अशा दिवशी मेण लावतच नाहीत, स्कीचा तळ पॉलिश पेपरने खरखरीत करून तसेच पळतात. तशी युक्ती लागू पडते म्हणे. मी याला मेणाचा अपमान म्हणतो.

गुनवोर दुपारी शर्यतीची नंबरपट्टी आणायला गेली. तिच्या स्की पडवीत होत्या, एंब्रिककडून नुकत्याच आलेल्या, निळ्या. मी बराच वेळ नुसता उभा होतो. तिची शेवटची शर्यत, आणि ज्याने आयुष्यात शर्यत धावली नाही त्याच्या खिशातल्या मेणावर. असं कसं चालेल? नवरा म्हणून माझी काही जबाबदारी आहे की नाही?

स्की खाली नेल्या. निळं काढलं. लालचे सोळा थर दिले, पातळ, एकसारखे, आयुष्यातलं उत्तम काम. मग वरून एंब्रिकसारखं निळं ओबडधोबड फासलं, म्हणजे तिला कळू नये. त्यासाठी शेजारून जुन्या पद्धतीची निळी डबी मागून आणावी लागली. जुन्या स्वेटरमधून थोडी लोकरही काढून चिकटवली.

गुनवोर परत आली तेव्हा स्की जागच्या जागी होत्या. ती म्हणाली, आज तू फार खूश दिसतोस.

१५ मार्च, शनिवार. शून्य. सकाळपासून बर्फ.

सगळं लिहून ठेवतो.

दरवर्षी माझी नेमणूक माथ्याजवळच्या केंद्रावर असते, चोविसाव्या किलोमीटरवर. धावपटूंना ब्लूबेरीचं गरम सूप द्यायचं आणि कुणाला हवं असेल तर मेण लावून द्यायचं. मेणाला फारसं कुणी येत नाही.

पुढचे वीस-पंचवीस जण सरसर गेले. त्यांच्यामागे हाल सुरू झाले. लोक स्की आपटत, शिव्या देत, खालचा बर्फ खरवडत येत होते. मी मात्र निर्धास्त होतो. दोन तास आणि अठरा मिनिटं झाली तेव्हा गुनवोर दिसली. ती धावत नव्हती, चालत होती. दोन्ही स्कींखाली बर्फाची जाड ढेकळं, उंच टाचेचे बूट घातल्यासारखी. डाव्या पायावर लंगडत होती. डोक्यावरची टोपी पांढरी झाली होती.

वेळेचा हिशेब मला येतो. त्या स्कींवर बिल्ला गेला होता.

ती टेबलापाशी थांबली. मी सूप पुढे केलं, तिने घेतलं नाही.

"हे मेण एंब्रिकचं नाही," मी म्हणालो. "माझं आहे. काल दुपारी मी त्याचं काढून माझं लावलं. वरून नुसतं निळं फासलं."

"माहीत आहे," गुनवोर म्हणाली. "पहिल्याच चढाला कळलं. बावीस वर्षं ओढतेय मी ते."

ती रागावून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती नुसती दमलेली होती. मी म्हटलं, मी शेडच्या खिडकीतून पाहिलं होतं. ती म्हणाली, तेही माहीत आहे, बर्फात तुझी पावलं होती. मग तिने स्की काढून माझ्या हातात दिल्या. "खरवड. सगळं."

मी खरवडलं. डेअरीत चीजचे काप काढायचो तसे लाल थर निघाले. सोळाच्या सोळा. बर्फावर पडलेले बघवेनात. तळ उघडा पडला तसा माझा हात सवयीने लाल डबीकडे गेला.

"डबी ठेव, हालग्रिम."

आवाज चढवला नव्हता. गुनवोरने तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं. करवतीपाशी पोरं चुकीची उभी राहिली की ती याच आवाजात बोलायची, असं मारित सांगते. "पॉलिश पेपर काढ," ती म्हणाली.

तो माझ्या पेटीत असतो, पहिला थर नीट बसावा म्हणून तळावरून हलका फिरवायला. मी म्हटलं, मी करतो. म्हणाली, तू फक्त धर. आणि ती त्या दुखऱ्या खुब्यावर बर्फात खाली बसली. मी स्की धरून उभा. तिने दोन्ही स्कींच्या पट्ट्यावर पेपर मागून पुढे ओढला, प्रत्येकीवर सात-आठ हात, एका लयीत. काळ्या तळावर करडे तंतू उभे राहिले. मग तिने तळावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. माझ्या बावीस वर्षांत मी एकदाही अंगठा फिरवून पाहिला नव्हता, थर्मामीटर बघायचो.

चार मिनिटं गेली. तिने सूप एका घोटात संपवलं आणि निघाली.

केंद्राच्या पुढे लगेच एक चढ आहे. दरवर्षी ती तो पाय फेंगडे टाकून, बदकासारखी चढते. मला वाटायचं, तिची पद्धतच तशी. आज ती सरळ चढली. पाय दाबला की स्की धरत होती, उचलला की सुटत होती. माथ्यावरून खाली दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत होतो. मागे सूपसाठी रांग लागली होती.

शेवटचा धावपटू जाईपर्यंत मला जागा सोडता येत नाही. दोन वाजायच्या सुमारास फोन वाजला. शर्यत संपते तिथून एंब्रिकचा.

"तीन अठ्ठेचाळीस पन्नास," तो म्हणाला.

मी सूपचा डाव खाली ठेवला.

"हालग्रिम, आहेस ना? मिळाला तिला. एक मिनिट दहा सेकंद शिल्लक. इथे रडतेय आणि सॉसेज खातेय."

मी त्याला आभारी आहे म्हणालो. खूप दिवसांनी त्याच्याशी बोललो, बरं वाटलं. मग सूप ढवळत बसलो. डोळ्यांत धूर गेला. शेगडी गॅसची आहे.

१६ मार्च, रविवार.

गुनवोर दहापर्यंत झोपली. बिल्ला टेबलावर ब्राऊन चीजशेजारी ठेवलेला होता, तो मी चार वेळा उलटून पाहिला. ती उठल्यावर कॉफी दिली आणि वॉफलवर तिचा जॅम भरपूर घेतला. तिने ते पाहिलं. "संपला का उपास?" म्हणाली. म्हणजे तेव्हाही लक्षात आलं होतं.

मग मी विचारलं. बावीस वर्षांत किती वेळा स्की खरोखर चांगल्या होत्या? तिने खोटं सांगितलं असतं तर मला ते चाललं असतं. पण तिने कॉफीत बघत नीट आठवून पाहिलं.

"दोनदा," म्हणाली. "एकदा तुला कांजिण्या झाल्या होत्या. आणि एकदा तू पेटी घरी विसरलास."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? दरवर्षी छान होत्या, छान होत्या. बिल्ला तर केव्हाच मिळाला असता.

"मिळाला असता," ती म्हणाली. "पण तू तळघरातून स्की घेऊन वर येतोस ना, त्या वेळचा तुझा चेहरा, हालग्रिम. डेअरी सुटल्यापासून तो एरवी दिसत नाही. बिल्ला काय, पुढच्या वर्षी घेऊ म्हणायचे. यंदा पुढचं वर्षच उरलं नाही, म्हणून एंब्रिककडे गेले."

मला लाज वाटली. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. आणि त्याच वेळी तिच्यावर इतकं प्रेम आलं की उठून खिडकीपाशी जावं लागलं. तिथून बाहेरचं तापमान दिसतं. किती होतं ते आठवत नाही.

व्यायामाचं वेळापत्रक फ्रिजवरून काढलं.

१८ मार्च, मंगळवार. अधिक एक, ओला बर्फ.

सकाळी बसने शहरात जाऊन पॉलिश पेपर आणले. साठ नंबरपासून चारशेपर्यंत, नऊ प्रकारचे. माझ्या मते इथे कुणी नीट अभ्यासच केलेला नाही. कुठल्या तापमानाला किती नंबरचा पेपर, किती हात, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी तक्ता आखला आहे. ऑपरेशननंतर पुढच्या हिवाळ्यात गुनवोरला निदान पुलापर्यंत जाता येईल, तेव्हा तिच्या स्की तयार हव्यात.

तिने तक्ता पाहिला. मग म्हणाली, चल, बघू.

कठडा धरत, एकेक पायरी घेत ती तळघरात उतरली. याआधी ती इथे कधी आली होती ते मला आठवेना. मी कधी बोलावलंच नव्हतं. तिला स्टूल दिलं, माझी एक जुनी स्की लाकडी घोडीवर बांधली आणि ऐंशी नंबरने घासायला लागलो.

"तू फार दाबतोस," गुनवोर म्हणाली.

मी कमी दाबलं.